खाद्यकीटकांचे घरगुती पालन: वाचकांचे प्रश्न

मागील अंकात पिंजऱ्यातील पक्ष्यांच्या आणि मत्स्यपेटीतील माशांच्या जिवंत खाद्याविषयी या सदरात थोडे लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे येथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांतील अडचणीचे मूळ एकच आहे. अळी म्हणजे डब्यात भरून ठेवण्याचे तयार खाद्य, असे समजून लोक ती घरी आणतात. प्रत्यक्षात ती गोठ्यातल्या जनावरासारखी पोसावी लागते. तिची वैरण, तिचा निवारा आणि तिची वीण यांकडे लक्ष दिले नाही, तर डबा दोन महिन्यांत रिकामा होतो.

प्रश्न: माझ्याकडे झेब्रा फिंच पक्ष्यांच्या तीन जोड्या आणि एक ऑस्कर मासा आहे. दुकानातून २०० मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) आणून प्लास्टिकच्या डब्यात गव्हाच्या कोंड्यात ठेवले. काही वापरले, उरलेल्यांचे काळे भुंगेरे झाले. कोंडा पिठासारखा झाला की मी तो टाकून नवा भरतो आणि डबा पुसून घेतो. तरीही सात महिन्यांत नव्या अळ्या जेमतेम पंधरा-वीस दिसल्या. नर-मादीचे प्रमाण चुकले असेल का? (नाशिक)

उत्तर: नर-मादीची काळजी करू नये, एवढ्या अळ्यांतून दोन्ही पुरेसे निपजतात. घात झाला आहे तो आपल्या टापटिपीमुळे. जो पिठासारखा कोंडा आपण टाकून देता, त्यातच आपली पुढची पिढी असते. मीलवर्मची मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते, पण ती अंडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांबीची, पांढरी आणि चिकट असतात. त्यांना लगेच कोंड्याचे कण चिकटतात आणि ती डोळ्यांना दिसेनाशी होतात. अंड्यातून निघालेली अळी दोऱ्याच्या तुकड्याएवढी असते आणि पहिले काही आठवडे तीही ओळखू येत नाही. टाकण्यापूर्वी तो कोंडा काळ्या कागदावर पातळ पसरून पाच मिनिटे उजेडात ठेवला असता, तर जागोजागी वळवळ दिसली असती.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांचा एकत्र संसार. भुंगेरे भुकेले वा तहानलेले असले की आपलीच अंडी खातात आणि हालचाल न करू शकणारे कोषही कुरतडतात. म्हणून किमान तीन पसरट ट्रे ठेवावेत. पहिल्यात फक्त भुंगेरे, तीन ते पाच सेंटिमीटर जाडीच्या कोंड्यावर. दर पंधरा दिवसांनी भुंगेरे तेवढे उचलून नव्या ट्रेमध्ये हलवावेत आणि जुन्या ट्रेवर तारीख लिहून तो सहा ते आठ आठवडे चाळू नये, फेकू नये, पुसू तर नयेच. वरून गाजराची किंवा बटाट्याची चकती घालावी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती काढून नवी घालावी. यांचे पाणी एवढेच. पाण्याची वाटी ठेवली तर अळ्या बुडतात आणि कोंड्याला बुरशी धरते. अळ्या सेंटिमीटरभर झाल्या की मैद्याच्या चाळणीने चाळावे. खाली पडते ती विष्ठा. ती वाळूसारखी बारीक असते आणि कुंड्यांना उत्तम खत म्हणून चालते. कोष दिसू लागले की ते प्लास्टिकच्या चमच्याने उचलून तिसऱ्या ट्रेमध्ये ठेवावेत. कोषातून बाहेर पडलेला भुंगेरा प्रथम दुधासारखा पांढरा असतो, मग तांबूस आणि काही दिवसांनी काळा होतो. तो पांढरा पाहून रोगट समजून फेकणारेही मला भेटले आहेत.

तिसरे कारण आपल्या गावाच्या हवेत आहे. मीलवर्मला २५ ते २८ अंश तापमान मानवते. त्यात अळी अडीच-तीन महिन्यांत पूर्ण वाढते, आठवड्या-दोन आठवड्यांत कोषातून भुंगेरा निघतो आणि तो दोन-तीन महिने जगतो. नाशिकच्या थंडीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा ही सगळी घडी थांबून राहते. ट्रे गॅलरीतून घरात, आतल्या भिंतीलगत आणून ठेवावेत आणि धीर धरावा. पहिल्या सहा महिन्यांत पक्ष्यांना एकही अळी न घालता सगळ्यांचे भुंगेरे होऊ द्यावेत, हा सल्ला कुणालाच आवडत नाही. पण बियाणे खाऊन शेती होत नाही.

मुंग्यांसाठी एक सूचना देतो. ट्रेभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढू नये, कारण त्या खडूत कीटकनाशकच असते आणि त्याला मुंगी व भुंगेरा सारखेच. पूर्वी दुधा-तुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तीच युक्ती येथे करावी. पालीसाठी वरून बारीक जाळी लावावी. गुळगुळीत प्लास्टिकच्या उभ्या भिंतीवर भुंगेरे चढू शकत नाहीत, त्यामुळे पक्के झाकण लागत नाही. उलट त्याने आत दमटपणा साचतो.

आता मूळ उद्देशाकडे वळू. मीलवर्ममध्ये प्रथिने आणि चरबी भरपूर असतात, पण फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच थोडे असते. पिल्ले असताना फिंचच्या जोडीला रोज चार-सहा लहान, नुकतीच कात टाकलेली मऊ अळी पुरते. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा कायम अडकवलेला असावा. अळ्या घालण्याआधी एक-दोन दिवस त्यांना कोंड्याबरोबर शेवग्याचा पाला, गाजर आणि थोडी कॅल्शियम कार्बोनेटची पूड द्यावी. कारण पक्षी अळीबरोबर तिच्या पोटातले अन्नही खात असतो. ऑस्करला आठवड्यातून एक-दोनदा चार-पाच अळ्यांपेक्षा जास्त देऊ नयेत. तो कितीही तोंड वर करून मागत असला, तरी चरबी त्यालाही चुकत नाही.

प्रश्न: जुलैपासून माझ्या मीलवर्मच्या डब्याच्या कडेला करडी धूळ दिसते. नीट पाहिले तर ती हलते. कोंड्याला पुदिन्यासारखा वास येतो आणि अळ्या मरत आहेत. (चिपळूण)

उत्तर: आपण वासाचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण त्याने निदान पक्के झाले. ही धूळ म्हणजे धान्यावरचे कोळीवर्गीय सूक्ष्म जीव. त्यांना इंग्रजीत माइट म्हणतात. पिठातला माइट चिरडला की असाच गोडसर, पुदिन्यासारखा वास येतो. कोकणातल्या पावसाळी हवेत कोंडा ओलावा धरतो आणि त्यावर यांची पैदास काही दिवसांत अमाप होते. ते अळ्यांना खातात असे नाही, पण खाद्य नासवतात आणि भुंगेऱ्यांच्या सांध्यांतही जाऊन बसतात.

सर्वप्रथम भाजीची चकती पूर्ण बंद करावी. मीलवर्म काही दिवस पाण्यावाचून सहज काढतात. माइटच्या नाजूक शरीराला तेवढा कोरडेपणा सोसत नाही. मोठ्या अळ्या, कोष आणि भुंगेरे चाळून आणि हाताने वेचून कोरड्या डब्यात घ्यावेत. नवा कोंडा आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा किंवा कढईत मंद आचेवर गरम करून थंड होऊ द्यावा आणि मगच भरावा. जुना कोंडा हवाबंद पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि नंतर टाकावा. तो ओट्याखाली ठेवलात तर पुढचा मुक्काम आपल्या रव्याच्या डब्यात पडेल. हे अनुभवाचे बोल आहेत. एका वर्षी मी गिरणीतून आणलेला कोंडा फ्रीझरमध्ये न ठेवता तसाच भरला आणि महिन्याभरात त्यात जाळी विणणाऱ्या पतंगाच्या अळ्या झाल्या. तांदळापासून शेंगदाण्यापर्यंत स्वयंपाकघरातला एकही डबा त्यांनी सोडला नाही. त्यानंतर घरातल्यांनी माझ्या कीटकपालनाला गच्चीवरची खोली देऊ केली, ती अद्याप तशीच आहे.

पावसाळ्याचे तीन महिने कोंड्याचा थर पातळ ठेवावा, गाजराऐवजी कमी पाणी सोडणारी बटाट्याची चकती सकाळी घालून संध्याकाळी काढावी आणि डब्याचे तोंड सुती कापडाने बांधावे.

प्रश्न: ट्रे चाळताना मला सारख्या शिंका येतात आणि डोळे चुरचुरतात. सवयीने हे कमी होईल का? (लातूर)

उत्तर: सवयीने हे कमी होत नाही, बहुधा वाढते. अळ्यांच्या कातीचे आणि विष्ठेचे बारीक कण श्वासातून जातात आणि त्यांची ॲलर्जी होऊ शकते. काहींना पुढे दम्याचा त्रास होतो. ज्यांना कोळंबी किंवा खेकडा सोसत नाही, त्यांनी विशेष जपावे, कारण कवचधारी जीवांतील काही प्रथिने कीटकांतही असतात. चाळण्याचे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि घट्ट बसणारा मास्क लावून करावे, झोपण्याच्या खोलीत ट्रे ठेवू नयेत. एवढे करूनही धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि हा छंद दुसऱ्याच्या हाती द्यावा.

प्रश्न: माझ्याकडे पंधरा गावठी कोंबड्या आहेत. ओल्या कचऱ्याच्या पिंपात चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या प्रचंड झाल्या आहेत. शेजारी म्हणतात की त्या विषारी आहेत, पण कोंबड्या तर त्यांच्यावर तुटून पडतात. घालाव्यात की नाही? आणि त्या मुद्दाम वाढवता येतील का? (सातारा जिल्हा)

उत्तर: वर्णनावरून त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या दिसतात, ब्लॅक सोल्जर फ्लाय या नावाने ती आता बऱ्याच कुक्कुटपालकांना ठाऊक झाली आहे. माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसणारी असते, पण तिला नांगी नसते, ती चावत नाही आणि प्रौढपणी तिला खाण्याची गरजच नसल्यामुळे घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊनही बसत नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती आठवडाभर जगते, जोडी जमवते, अंडी घालते आणि मरते. तेव्हा शेजाऱ्यांना आपण निर्धास्त करू शकता.

मात्र एक भेद डोळ्यांत तेल घालून ओळखावा लागतो. पांढऱ्या, मऊ, एका टोकाला निमुळत्या अळ्या घरमाशीच्या किंवा मांसमाशीच्या असतात. मेलेल्या उंदरावर किंवा कोंबडीवर झालेल्या अशा अळ्या कोंबड्यांनी कधीही खाता कामा नयेत. सडलेल्या मांसातले बोट्युलिझमचे विष त्या अळ्यांच्या अंगात साठते. स्वतः अळीला काही होत नाही, पण ती खाणाऱ्या कोंबडीची मान लुळी पडते आणि ती मरते. म्हणून आपल्या पिंपात मांस, मासळी, मेलेले पक्षी यांपैकी काहीही टाकू नये. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड आणि नुकतीच फवारलेली भाजी यांनाही मज्जाव असावा. ही अळी वाटेल ते खाते हे खरे, पण खाद्यातले कॅडमियमसारखे जड धातू तिच्या शरीरात साठून राहतात, तेव्हा कारखान्याचा गाळ वगैरे प्रयोग करू नयेत. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात कीटकांच्या प्रथिनाला परवानगी दिली, पण त्या कीटकांना उपाहारगृहांतले खरकटे किंवा शेण घालण्यास तेथे बंदी आहे. आपल्या घरच्या पिंपाला तो कायदा लागू नसला, तरी त्यामागचे कारण लागू आहे.

वाढवण्यासाठी वेगळे फारसे करावे लागत नाही. आपल्याकडे या माश्या पावसाळ्यात आणि त्यानंतर रानातून आपोआप येतात. त्यांना फक्त जागा दाखवायची. मादी अंडी कचऱ्यात घालत नाही, कचऱ्याच्या वासाजवळच्या कोरड्या फटीत घालते आणि एका वेळी सुमारे पाचशे घालते. पिंपाच्या तोंडाशी पन्हळी पुठ्ठ्याचे तुकडे किंवा दोन फळकुटे बारीक फट ठेवून बांधून टांगावीत. चार दिवसांत अंडी फुटून अळ्या खाली पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत पोसतात. पुढचे काम त्या स्वतःच करतात. पूर्ण वाढलेली अळी गडद तपकिरी होते, खाणे सोडते आणि कोरडी जागा शोधत वर चढू लागते. पिंपातून साधारण ३५ ते ४० अंशांच्या उताराने पीव्हीसीचा पाइप बाहेर काढून त्याच्या टोकाखाली बादली ठेवली, तर पहाटे उठून पाहावे तो बादलीत अळ्या टपटप पडलेल्या असतात. दहातली एक मूठ कोष होण्यासाठी कोरड्या मातीत सोडून द्यावी. घराच्या आत त्यांची वीण करण्याच्या भानगडीत पडू नये. माशा सूर्यप्रकाशात जुळतात, खोलीतल्या दिव्याखाली बहुधा नाही.

कोंबड्यांना घालण्यापूर्वी अळ्या पाण्याने धुऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढाव्यात, म्हणजे कचऱ्यातून आलेल्या साल्मोनेलासारख्या जंतूंची भीती कमी होते. मीलवर्मच्या उलट या अळीत कॅल्शियम चांगले असते, त्यामुळे अंड्यावरच्या कोंबड्यांना ती मानवते. तरीही रोजच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापुढे मी जात नाही. चरबी जास्त झाली की कोंबडी जड होते आणि अंडी कमी देते.

प्रश्न: गप्पीच्या पिल्लांसाठी गॅलरीतल्या बादलीत डासांच्या अळ्या वाढवतो. पिल्ले झपाट्याने वाढतात. सोसायटीने हरकत घेतली आहे. माशांनाच घालत असल्यामुळे यात धोका तो काय? (ठाणे)

उत्तर: सोसायटी बरोबर आहे. गॅलरीतल्या स्वच्छ पाण्यात येणारा डास बहुतेक वेळा एडिस असतो, म्हणजे डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपण एक लग्न किंवा एक परगावचा प्रवास करून परत याल, तोवर बादलीतली एक पिढी शेजाऱ्यांच्या घरी पोहोचलेली असेल. शिवाय एडिसची अंडी बादलीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात; बादली नुसती उपडी करून भागत नाही, ती घासून धुवावी लागते. घरात डासांची पैदास आढळल्यास महापालिका नोटीस देते आणि दंडही करते, हे वेगळे सांगायला नको.

पिल्लांसाठी चिलटे पाळावीत. पिकलेले केळे, थोडा गूळ, चिमूटभर यीस्ट आणि चमचाभर व्हिनेगर कालवून बरणीच्या तळाशी घालावे, वर पुठ्ठ्याची घडी उभी करावी आणि तोंडाला कापड बांधावे. २५ अंशांच्या आसपास दहा दिवसांत नवी चिलटे तयार होतात. शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचे चिलट शोधून आनुवंशिकतेचा गुणसूत्रांशी असलेला संबंध दाखवला, ते याच जातीचे. प्रयोगशाळांत सांभाळलेला, पंख खुरटलेला वाण मिळाल्यास उत्तम; साधी चिलटे असतील तर बरणी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून ती सुस्त झाल्यावर पाण्यावर झटकावीत. अगदी बारीक पिल्लांच्या तोंडात चिलट मावत नाही. त्यांना आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, ताजी पिल्ले द्यावीत.

प्रश्न: फ्लॅटमध्ये रातकिडे पाळले तर आवाजाचा त्रास कितपत होईल? (कोल्हापूर)

उत्तर: भरपूर. आवाज फक्त प्रौढ नर करतात, पंखावर पंख घासून. शेवटची कात टाकण्यापूर्वी पंख पुरे झालेले नसतात, म्हणून त्या आधीच बहुतेक रातकिडे खाद्यात वापरावेत आणि विणीपुरते दोन-चारच नर ठेवावेत. मादी शेपटीकडच्या सुईसारख्या अवयवावरून ओळखू येते. दाटी केली तर ते एकमेकांना खातात, आणि साथीचा रोग आला तर सगळा कळप जातो. २००२ पासून युरोपात आणि पुढे उत्तर अमेरिकेत घरगुती रातकिड्यांच्या मोठमोठ्या शेतांची एका विषाणूने अशीच वाताहत केली. फ्लॅटवाल्यांना मी मीलवर्मच सुचवतो. ते गात नाहीत.

प्रश्न: आमचा महिला गट ट्रायकोकार्ड (पिकावरील किडीच्या बंदोबस्तासाठी शेतात लावायचे मित्रकीटकांचे कार्ड) तयार करण्यासाठी कोर्सायरा पतंग वाढवतो. अंडी घालून झालेले पतंग आणि पेटीतला उरलेला भरडा कोंबड्यांना घालता येईल का? (जालना जिल्हा)

उत्तर: ज्यांना हा उद्योग नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण खाद्यकीटक केवळ पक्ष्या-माशांसाठीच लागतात असे नाही. ट्रायकोग्रामा नावाची अतिशय बारीक गांधीलमाशी ऊस, कापूस वगैरे पिकांतील पतंगांच्या अंड्यांत आपले अंडे घालते आणि किडीचा नाश अळी होण्यापूर्वीच करते. तिला वाढवायला परकी अंडी लागतात, आणि ती पुरवतो कोर्सायरा, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात धुमाकूळ घालणारा तोच तांदळाचा पतंग. लाकडी पेटीत ज्वारी किंवा बाजरीच्या भरड्यावर त्याची अंडी सोडतात, सव्वा-दीड महिन्यात पतंग निघतात आणि त्यांनी घातलेली अंडी कार्डावर चिकटवतात; एका घनसेंटिमीटरला सुमारे १८ ते २० हजार. त्याआधी अंड्यांवर अतिनील किरण सोडून आतला जीव मारतात, म्हणजे कार्डावर कोर्सायराच्याच अळ्या फुटून बाकीची अंडी खात नाहीत.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. भरड्यात शेंगदाण्याचा कूट आणि यीस्ट यांच्याबरोबर माइट येऊ नयेत म्हणून गंधक आणि जंतू वाढू नयेत म्हणून स्ट्रेप्टोमायसीन मिसळण्याची पद्धत आहे. प्रतिजैविक मिसळलेला भरडा अंड्यावरच्या कोंबड्यांना घालणे म्हणजे ते औषध अंड्यावाटे घरच्या मुलांना देणे होय. त्याच भरड्यावर वाढलेल्या पतंगांचे तसेच. उरलेला भरडा उन्हात कडक तापवून कंपोस्टमध्ये जिरवावा. खाद्यासाठीच पतंग हवे असतील, तर एक पेटी वेगळी ठेवावी, तिच्यात गंधक आणि औषध अजिबात घालू नये, भरडा फक्त भाजून निर्जंतुक करावा आणि पेटीवर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे. गटात चार हात असतात आणि भरड्याची पेटी कोणत्या हाताने भरली हे नंतर कुणालाच आठवत नाही. पतंग हाताळताना नाक-तोंड झाकावे. त्यांच्या पंखांवरचे खवले लातूरच्या वाचकांना ज्याने शिंका येतात त्या कातीइतकेच त्रासदायक असतात.